लांब पल्ल्याचा विमानप्रवास आणि मनाची घबराट

आपल्या समाजातील व्यापारी कुटुंबांत आता असे घर विरळाच, की ज्या घरातील कोणीही परदेशी नाही. कोणाचा मुलगा न्यू जर्सीत संगणकाच्या नोकरीत आहे, कोणाची लेक विवाहानंतर लंडनला स्थायिक झाली आहे, कोणाच्या भाच्याने अँटवर्पला हिऱ्यांच्या पेढीत बस्तान बसवले आहे. साहजिकच साठी-पासष्टीतील आईवडिलांना वर्षा-दोन वर्षांनी बोलावणे येते. सुनेचे बाळंतपण असते, नव्या घराचा गृहप्रवेश असतो, नातवाचा पहिला वाढदिवस असतो. तिकिटे मुलगाच पाठवतो. आणि तरीही प्रत्येक मोठ्या गोतावळ्यात एखादे काका, एखाद्या मामी अशा असतात, की त्यांचे जाणे काही केल्या होत नाही. सोयाबीनची आवक ऐन भरात आहे, दुकान नोकरांवर कसे सोडायचे, गुडघे साथ देत नाहीत, तिकडची थंडी सोसवत नाही, अशी कारणे पुढे येतात. ती खोटी नसतात. परंतु पुष्कळदा त्यांच्या तळाशी एक निराळेच कारण असते, जे घरच्या माणसांनाही सांगितलेले नसते. बंद विमानात तासन्‌तास बसण्याच्या नुसत्या कल्पनेने त्यांच्या छातीत धडधड सुरू होते.

माझ्या परिचयातील एका आडत व्यापाऱ्यांचे उदाहरण त्यांच्या अनुमतीने, परंतु नाव न घेता सांगतो. मार्केट यार्डातील मोठ्या उलाढालीत ज्यांचा हात कधी थरथरला नाही, असे हे गृहस्थ एकदा विमानाने कोलकात्याला निघाले. दार बंद झाल्यानंतर विमान पाऊण तास जागीच उभे राहिले. उकाडा, मधले आसन, दोन्ही बाजूंना अनोळखी माणसे. अचानक गळा आवळल्यासारखे झाले, बोटांना मुंग्या आल्या, घाम फुटला आणि हा हृदयविकाराचाच झटका आहे, अशी त्यांची खात्री पटली. कोलकात्याला उतरल्यावर काढलेला ईसीजी निर्दोष निघाला. परतीचा प्रवास त्यांनी रेल्वेने केला. त्यानंतर सात वर्षे त्यांनी विमानात पाऊल टाकले नाही. अमेरिकेतील लेकीच्या दोन्ही बाळंतपणांना त्यांच्या पत्नी एकट्याच गेल्या. इंग्रजी येत नसल्यामुळे मधल्या विमानतळावर त्यांनी चाकांच्या खुर्चीची मदत मागून घेतली होती. (आपल्याकडील कितीतरी वडीलधारी मंडळी पाय धड असूनही केवळ भाषेच्या अडचणीमुळे ती खुर्ची मागतात.) धाकटी नात पाच वर्षांची झाली, तरी आजोबा तिला फोनच्या पडद्यावरच भेटत होते.

विमानाची भीती हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण ती भीती एकजिनसी नाही. एक प्रवासी विमान कोसळेल म्हणून घाबरतो. दुसऱ्याला कोसळण्याची विशेष चिंता नसते, त्याला बंद दाराची भीती वाटते. तो बहुधा लिफ्टही टाळतो. तिसऱ्याला भय असते ते स्वतःचेच. आत मला काही झाले, मी ओरडलो, दाराकडे धावलो, चार लोकांत शोभा झाली, तर काय करायचे? मुंबईहून न्यूयॉर्कच्या बाजूस थेट जाणारे विमान १५ ते १६ तास हवेत असते. एवढ्या अवधीत मधेच उतरण्याची सोय नसल्यामुळे लांबच्या प्रवासात ही तिसरी भीती सर्वाधिक छळते. ती सांगण्याची लाजही सर्वाधिक वाटते, विशेषतः पुरुषांना. पेढीवर बसणाऱ्या कर्त्या माणसाने घाबरायचे नसते, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे.

यात गेल्या काही काळात एका खऱ्या दुःखाची भर पडली आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी एकच वाचला आणि जमिनीवरील व्यक्ती धरून २६० जणांचा बळी गेला. गुजरातशी सोयरीक असलेल्या आपल्या अनेक घरांत त्या दिवसापासून विमानाचे तिकीट हा बोलण्याचा जड विषय झाला. अशा वेळी, जगात दरवर्षी ४०० कोटींहून अधिक प्रवासी विमानाने सुखरूप ये-जा करतात, हे वाक्य खरे असूनही कोरडे वाटते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने आकड्यांवर माझा विश्वास आहे. तथापि शोकाला आकड्यांनी उत्तर देणे मला रास्त वाटत नाही. ज्यांचे आप्त वा परिचित त्या दुर्घटनेत गेले, त्यांनी घाईने तिकीट काढू नये आणि इतरांनीही त्यांना तसा आग्रह करू नये. पुढील विवेचन प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे, ज्यांना विमानापेक्षा स्वतःच्या घबराटीचे भय वाटते.

घबराटीचा झटका, ज्याला डॉक्टर पॅनिक अटॅक म्हणतात, तो म्हणजे शरीरातील धोक्याची घंटा अवेळी वाजणे. समोर संकट उभे राहिले असता पळण्यासाठी वा लढण्यासाठी शरीर ॲड्रेनलिन सोडते, हृदय वेगाने चालते, श्वास भराभर होतो, स्नायू ताठरतात. आसनाला पट्ट्याने बांधलेल्या माणसाला पळायला मात्र जागा नसते. श्वास जलद झाल्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळेच बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते आणि हवा पुरत नाही असा भास होतो. वस्तुतः त्या क्षणी माणूस गरजेपेक्षा अधिक हवा घेत असतो. १९८६ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी या चक्राची स्पष्ट मांडणी केली. धडधड झाली की मन तिचा ‘हृदय बंद पडत आहे’ असा भयंकर अर्थ लावते, त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने धडधड वाढते. त्यांच्या मते झटक्याचे मूळ त्या अर्थात आहे.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे चक्र चांगलेच ओळखीचे वाटते. एखाद्या बँकेविषयी अफवा उठते, दहा ठेवीदार पैसे काढायला येतात, त्यांची रांग पाहून शंभर येतात आणि मग ती रांगच बँक बुडत असल्याचा पुरावा ठरते. सुदृढ बँकही अशा झुंबडीने अडचणीत येऊ शकते. त्या वेळी शाखा व्यवस्थापकापुढे दोन मार्ग असतात. शटर ओढून घेणे हा सोपा मार्ग, आणि तोच घातक; कारण बंद शटर पाहून उरलेल्यांचीही खात्री पटते. दुसरा मार्ग जुन्या व्यवस्थापकांनी नव्यांना शिकवलेला असतो. जादा रोकड मागवायची, नोटांची बंडले सर्वांना दिसतील अशी काउंटरमागे मांडायची, कामकाजाची वेळ वाढवायची आणि मागेल त्याला शांतपणे पैसे मोजून द्यायचे. रोखपालाचा चेहरा त्या दिवशी फार महत्त्वाचा असतो. पैसे मिळत आहेत हे दिसले की रांगेतील माणसे आपोआप पांगू लागतात, आणि पुढे त्यांतले काही जण तीच रक्कम परत भरायला येतात.

विमान कायमचे टाळणे म्हणजे शटर ओढणे, हे उघड आहे. पण आत बसल्यावर डोळे घट्ट मिटून खुर्चीचे हात आवळून धरणे, ‘हे आत्ताच्या आत्ता थांबलेच पाहिजे’ म्हणून शरीराशी झुंजणे, दर दोन मिनिटांनी मनगटी घड्याळावर नाडीचे ठोके पाहणे, हेही शटर ओढणेच आहे. काउंटर उघडा ठेवणे म्हणजे धडधड होत असेल तर होऊ देणे, मुंग्या येत असतील तर येऊ देणे आणि त्यांचा हिशेब न मागणे. असा झटका सामान्यतः दहा मिनिटांच्या आत टोक गाठतो आणि मग ओसरू लागतो. लाटा पुन्हा येऊ शकतात, परंतु सोळा तास एकाच टोकावर राहणारी घबराट शरीराला पेलवतच नाही. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांना त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलेली ही एकच गोष्ट सर्वाधिक उपयोगी पडली, असे ते म्हणतात. साडेचार महिन्यांच्या उपचारानंतर ते अमेरिकेला गेले. पाच-सहा तास झाल्यावर, दिवे मंद केलेले असताना त्यांना झटका आलाच. त्यांनी पत्नीला खूण केली, घड्याळात वेळ पाहिली आणि बसून राहिले. नऊ मिनिटे लागली. त्यानंतर त्यांना झोप लागली आणि न्याहरीच्या वेळी जाग आली.

येथे सावधगिरीची एक गोष्ट. पन्नाशी ओलांडलेल्या, मधुमेह वा रक्तदाब असलेल्या व्यक्तीने छातीत प्रथमच दुखू लागले असता ‘ही घबराटच असेल’ असे निदान स्वतःच करू नये. कर्मचाऱ्यांना तत्काळ सांगावे. लांब पल्ल्याच्या विमानांत प्राणवायू, औषधांची पेटी आणि हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र असते, आणि प्रवाशांत डॉक्टर आहेत का, याची विचारणाही केली जाते. प्रवासापूर्वी ईसीजी आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी, तशीच थायरॉइडची चाचणीही करावी. त्या ग्रंथीचा स्राव वाढला असेल तर धडधड, घाम, हातांची थरथर ही नेमकी घबराटीसारखी लक्षणे दिसतात, आणि मनाचा आजार समजून वर्ष वर्ष दुर्लक्ष होते.

विमानाच्या आत काय घडते हे आधी ठाऊक असेल, तर शरीराच्या संवेदनांचे चुकीचे अर्थ लावले जात नाहीत. विमान ३५ ते ४० हजार फुटांवर उडत असले, तरी आतील हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका राखलेला असतो. म्हणजे उटी किंवा सिमल्याला बसल्यासारखेच. कोविडच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर काही मंडळी सोबत नेतात आणि घरी ९७-९८ दिसणारा आकडा ९३ वर आलेला पाहून हादरतात. त्या उंचीला निरोगी माणसाचा आकडा तेवढा उतरणे स्वाभाविक आहे. फुप्फुसाचा वा हृदयाचा जुना आजार असलेल्यांनी मात्र याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे. इतरांनी ते यंत्र घरीच ठेवावे, हे बरे. आतील हवा अतिशय कोरडी असते. घसा सुकतो, आणि सुकलेला घसा घाबरलेल्या माणसाला आवळलेला वाटतो. उड्डाणानंतर काही वेळाने इंजिनांचा जोर कमी केला जातो, तेव्हा पोटात खड्डा पडल्यासारखे होते. चाके पोटात घेतली जाताना धप्प असा आवाज होतो. हे सारे नित्याचे आहे.

हेलकाव्यांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण झटक्याची सुरुवात पुष्कळदा तेथूनच होते. विमान शेकडो फूट खाली गेले असे आपल्याला वाटते, तेव्हा प्रत्यक्षातील फरक बहुधा फारच थोडा असतो. सेवाकाळात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार पंखांनी सोसला पाहिजे, असा नियम आहे. बोइंग ७७७ या जातीच्या विमानाचा पंख १९९५ मध्ये मुद्दाम मोडेपर्यंत वाकवून पाहिला, तेव्हा तो त्या कमाल भाराच्या १५४ टक्क्यांवर मोडला. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानाला तीव्र हेलकावे बसून एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जखमी झाले, हेही खरे आहे. ते विमान मात्र बँकॉकला सुखरूप उतरले. अशा प्रसंगी इजा मुख्यतः पट्टा न बांधलेल्यांना होते. म्हणून दिवा विझला तरी पट्टा सैलसर बांधलेलाच ठेवावा. पंखांच्या आसपासच्या रांगांत हेलकावे कमी जाणवतात. कोंडल्यासारखे वाटणाऱ्यांनी मार्गिकेलगतचे आसन चार पैसे जास्त देऊनही घ्यावे. काटकसर करायला इतर जागा पुष्कळ आहेत.

झटका आला असता ‘दीर्घ श्वास घे, दीर्घ श्वास घे’ असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. घाबरलेला माणूस मग भराभर आणि खोल श्वास घेतो, आणि मुंग्या अधिकच वाढतात. श्वास साधा घ्यावा आणि सोडताना मात्र लांबवावा. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, तेही ओढूनताणून नाही. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता सुचवला जात नाही. कारण खरोखरच हृदय वा फुप्फुसाचा विकार असेल तर त्याने अपाय होतो. सोबतच्या माणसाने ‘काही होत नाही तुम्हांला’ असे म्हणून वाद घालू नये. शेजारी शांत बसावे, हवे असेल तर हात हातात घ्यावा, किती मिनिटे झाली ते हळू आवाजात सांगावे. विमानात शिरतानाच कर्मचाऱ्याला ‘मला प्रवासात घबराट होते’ एवढे सांगून ठेवले तर पुष्कळ ओझे उतरते. गुपित उघडे पडण्याची भीती तरी त्यामुळे उरत नाही.

गोळ्यांचा विषय आपल्या घरांत फार सैलपणे हाताळला जातो. जाऊबाईंची झोपेची गोळी, मेहुण्यांनी दिलेली अर्धी गोळी, ‘मी घेतो, काही होत नाही’ ही शिफारस. १९९७ मध्ये स्टॅनफर्ड येथील विल्हेल्म आणि रॉथ या संशोधकांनी विमानभय असलेल्या २८ स्त्रियांवर केलेला अभ्यास या दृष्टीने वाचनीय आहे. काहींना पहिल्या उड्डाणापूर्वी अल्प्राझोलाम ही गोळी दिली, काहींना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. पहिल्या उड्डाणात खरी गोळी घेतलेल्यांना भीती कमी वाटली. आठवड्याने सर्वांनी गोळीशिवाय प्रवास केला, तेव्हा आदल्या वेळी खरी गोळी घेतलेल्यांनाच घबराटीचे झटके अधिक आले. ‘मी तरलो तो गोळीमुळे’ असे मनाने नोंदवून ठेवले, की पुढच्या वेळी मन रिकाम्या हाताने घाबरते, असा त्याचा अर्थ मी लावतो. शिवाय गुंगीत एकाच स्थितीत तासन्‌तास पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ब्रिटनमध्ये अनेक दवाखाने विमानभयासाठी अशा गोळ्या लिहून देण्यास आता नकार देतात. अर्थात काही रुग्णांना नियमित औषधांची आवश्यकता असतेच. चिंताविकारावरील औषधांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात, म्हणून प्रवासाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांकडे धावण्यात अर्थ नाही.

खरा उपचार पायरीपायरीने होतो. आमच्या आडत व्यापाऱ्यांना प्रथम खोलीत जागच्या जागी धावून मुद्दाम धडधड निर्माण करायला लावली गेली, खुर्चीत गोल फिरवून चक्कर आणवली गेली, बारीक नळीतून श्वास घ्यायला लावला गेला. ही लक्षणे अप्रिय आहेत, प्राणघातक नाहीत, हे शरीराला असे शिकवतात. नंतर लिफ्ट, मग बंद काचांच्या बसमधून पुणे-मुंबई, मग नागपूरचे विमान, मग तीन तासांचे दुबई. प्रत्येक पायरीवर घबराट निम्म्यावर येईपर्यंत थांबायचे, पळायचे नाही. या सर्वाला बोधात्मक वर्तनोपचार असे नाव आहे. नेदरलँड्समधील लायडन येथे तर विद्यापीठ आणि विमान कंपनी यांच्या सहकार्याने केवळ विमानभयासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले. आपल्याकडे मोठ्या शहरांत हा उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ मिळतात. लहान गावांतील वाचकांना सरकारच्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही प्राथमिक सल्ला मिळू शकतो.

आहाराविषयी आपल्या वाचकांना विशेष सांगण्याजोगे काही आहे. जैन भोजन विमान कंपन्यांकडे व्हीजेएमएल या संकेताने नोंदवता येते; ते किमान दोन दिवस आधी नोंदवावे आणि तिकिटावर नोंद झाल्याची खात्री करावी. तथापि चौविहार पाळणाऱ्यांची अडचण तेवढ्याने सुटत नाही. घड्याळ एका देशाचे, सूर्य दुसऱ्याच देशावरचा. अशा स्थितीत काही जण संपूर्ण प्रवासात अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य करतात. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना साखर उतरली तर थरथर, घाम आणि धडधड होते, आणि घबराट व साखर उतरणे यांतील फरक त्या माणसालाही कळत नाही. नियम ज्याचा त्याचा आहे. कोणत्या वेळी काय घ्यायचे हे डॉक्टर आणि आपले गुरुजन या दोघांशी आधीच बोलून कागदावर लिहून ठेवावे. चहा-कॉफी त्या दिवशी निम्मी करावी. आणि आदली रात्र थेपले-खाकऱ्याच्या पिशव्या वजनकाट्यावर चढवण्यात-उतरवण्यात जाऊ नये. न झोपलेल्या माणसाला घबराट लवकर गाठते. बॅगा दोन दिवस आधी बंद कराव्यात.

डॉक्टरांनी औषध दिले असेल तर मूळ चिठ्ठी, औषधाचे शास्त्रीय नाव आणि प्रवासापुरत्याच गोळ्या मूळ वेष्टनासह हातातील पिशवीत ठेवाव्यात, चेक-इनच्या बॅगेत टाकू नयेत. दुबई वा अबूधाबीला थांबून बाहेर पडायचे असेल, तर चिंतेवरील आणि झोपेच्या अनेक गोळ्यांना संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारची पूर्वपरवानगी लागते. तो अर्ज ऑनलाइन करता येतो. प्रवासाच्या पुरेसे आधी मुलाकडून किंवा नातवाकडून भरून घ्यावा.